सिलिंड्रिकल नंबर काढून घेताना या चुका टाळा

सिलिंड्रिकल नंबर म्हणजे डोळ्याची वक्रता सगळ्या दिशांना सारखी नसल्यामुळे लागणारा चष्म्याचा नंबर. त्याला पॉवरसोबत अ‍ॅक्सिसही लागतो, म्हणजे ती पॉवर 1 ते 180 अंशांत नेमकी कुठे बसवायची ते. खरी गडबड होते ती इथेच. अ‍ॅक्सिस 10 अंशांनी चुकला तर जवळपास एक तृतीयांश दोष तसाच राहतो. 30 अंशांनी चुकला तर सिलिंडर, म्हणजे ही पॉवर, असून नसल्यासारखाच. म्हणून मशीनसमोर किंवा ट्रायल फ्रेम (तपासणीची भिंगं बसवायची चौकट) लावून बसताना मान तिरकी करू नका.

ऑटोरिफ्रॅक्टरची, म्हणजे आपोआप नंबर मोजणाऱ्या मशीनची, चिठ्ठी हातात पडली की नंबर निघाला, असं अनेकांना वाटतं. तो फक्त अंदाज असतो. रेटिनोस्कोपच्या प्रकाशपट्टीने डॉक्टर तो पडताळतात आणि शेवटचा कौल तुमच्या उत्तरांवर ठरतो. केरॅटोमीटरही फक्त बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची वक्रता मोजतो, आतल्या भिंगाचा दोष त्यात येत नाही.

मग येतो क्रॉस सिलिंडर: छोटं भिंग उलटसुलट करत ‘पहिलं बरं की दुसरं?’ असं विचारतात. इथे माणसं परीक्षेला बसल्यासारखी घाबरतात आणि काहीतरी ठोकून देतात. दोन्ही सारखंच दिसत असेल तर तसंच सांगा. डॉक्टर तेच उत्तर येण्याची वाट पाहत असतात. दोन्ही थोडं धूसर दिसलं तरी हरकत नाही, त्यातल्या त्यात बरं कोणतं एवढंच सांगायचं. डोळे बारीक करून अक्षरं मात्र ओळखू नका, त्याने दोष झाकला जातो.

कॉन्टॅक्ट लेन्स थेट तपासणीच्या खुर्चीत बसून काढणं ही आणखी एक चूक. लेन्समुळे बुबुळावरच्या त्या पारदर्शक पडद्याचा आकार तात्पुरता बदलू शकतो, कडक लेन्समुळे जास्तच. किती दिवस आधी थांबवायच्या, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा. डोळे कोरडे असतील तर तेही सांगा, कारण मोजमाप दरवेळी वेगळं येतं.

दोन ठिकाणचे कागद जुळत नाहीत म्हणून लगेच भांडायला जाऊ नका. −2.00 / −1.00 × 180 आणि −3.00 / +1.00 × 90 हा एकच नंबर आहे (आकडे क्रमाने साधा नंबर, सिलिंडर आणि अ‍ॅक्सिस), फक्त लिहिण्याची पद्धत वेगळी.

नव्या चष्म्यातून जमीन कललेली वाटली तर काही दिवस सवयीला द्या. तरीही त्रास राहिला तर आधी काचेतला अ‍ॅक्सिस लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजणाऱ्या यंत्रावर) तपासून घ्या आणि फ्रेम वाकडी बसते का तेही पाहा. किशोरवयात सिलिंडर भराभर वाढत असेल, तर नुसता चष्मा बदलत राहू नका. केरॅटोकोनस (तो पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येणं) नाही ना, हे पाहण्यासाठी टोपोग्राफी (त्या पडद्याच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी) करून घ्यावी लागते.