काल्पनिक विश्वातल्या प्राचीन युद्धांवर वाद घालताना या चुका टाळा

विज्ञानकथेतलं हजारो वर्षांपूर्वीचं युद्ध बहुतेक वेळा आपण पाहिलेलं नसतं. परिशिष्टातली एक नोंद, कुणा वृद्ध पात्राचं बोलणं, एखादा भग्न अवशेष, एवढ्यावरच ते उभं असतं. त्यामुळे त्यावर वाद घालण्यात खरी मजा आहे, आणि त्यामुळेच तो वाद चटकन भरकटतो.

सगळे पुरावे एकाच तागडीत टाकणं

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’ या कादंबरीतलं बटलेरियन जिहाद, म्हणजे कथेच्या हजारो वर्षं आधीचं युद्ध, घ्या. १९६५च्या मूळ कादंबरीत त्याबद्दल फार थोडं आहे. शब्दसूचीत ते संगणक, विचार करणारी यंत्रं आणि जाणीव असलेले रोबॉट यांच्याविरुद्धचं धर्मयुद्ध म्हटलं आहे. कथेत मात्र बेने जेसेरिट या पंथाची एक रेव्हरंड मदर (पंथातली ज्येष्ठ स्त्री) कथानायक पॉलला सांगते, की मुक्ती मिळेल या आशेने माणसांनी विचार करणं यंत्रांवर सोपवलं आणि यंत्रं हाती असलेल्या दुसऱ्या माणसांनी त्यांना गुलाम केलं. फ्रँक हर्बर्ट १९८६मध्ये गेले. पुढे २००२ ते २००४ या काळात त्यांचा मुलगा ब्रायन आणि केव्हिन अँडरसन यांच्या प्रीक्वेल, म्हणजे आधीचा काळ सांगणाऱ्या, कादंबऱ्यांनी हेच युद्ध माणूस विरुद्ध सत्ताधारी यंत्रं असं उघड रंगवलं.

आता एक जण शब्दसूचीवरून बोलतोय, दुसरा संवादावरून, तिसरा प्रीक्वेलवरून, आणि तिघंही म्हणतात, “पुस्तकात लिहिलंय!” तिघंही खरं बोलतात. म्हणून मुद्दा मांडतानाच सांगा: कुठलं पुस्तक, कुठल्या साली आलेलं, आणि त्यातही निवेदन, संवाद की परिशिष्ट.

पात्र बोललं म्हणजे लेखकच बोलला, असं धरणं

रेव्हरंड मदरचा तोच संवाद पुन्हा बघा. त्या उठावामुळे माणसाच्या मनाला स्वतःचा विकास करावा लागला आणि त्यासाठी शाळा निघाल्या, असं ती लगेच सांगते. अशाच एका शाळेची ती प्रतिनिधी आहे. स्वतःच्या पंथाचा उगम सांगणारी व्यक्ती तटस्थ इतिहासकार नसते. तिचं म्हणणं फेकून देऊ नका, पण त्यात तिचा फायदा काय आहे तेही लिहून ठेवा. मला तर चर्चेतला सगळ्यात रसाळ भाग हाच वाटतो.

दिनदर्शिका न बघता वर्षं मोजणं

‘ड्यून’मध्ये वर्षं गिल्ड या अंतराळवाहतूक करणाऱ्या संघटनेपासून मोजतात. बटलेरियन जिहाद गिल्डपूर्व २०१ ते १०८ या काळातलं आणि कथा सुरू होते गिल्डनंतर १०१९१मध्ये. म्हणजे मधलं अंतर सुमारे १०,३०० वर्षांचं. गिल्डपूर्व वर्षं उलटी मोजायची असतात.

बदललेला इतिहास न ओळखणं

‘वॉरहॅमर ४०,०००’ या टेबलावरच्या युद्धखेळातले नेक्रॉन हे यंत्रदेही योद्धे जुन्या आवृत्तीत क्टान या तारकादेवांचे गुलाम होते. २०११च्या कोडेक्सने (खेळातल्या एका सेनेचे नियम आणि इतिहास देणाऱ्या पुस्तकाने) सांगितलं, की प्राचीन महायुद्धाच्या शेवटी नेक्रॉनांनीच क्टानवर उलटून त्यांचे तुकडे केले. जुनं कोडेक्स वाचलेला चाहता खोटारडा नसतो. त्याच्या हातात आधीची आवृत्ती असते. हा रेटकॉन, म्हणजे नंतर मागे जाऊन बदललेला इतिहास, आहे हे दोघांनी मान्य केलं, की पुढे बोलता येतं.

रिकामी जागा भरून तिलाच पुरावा म्हणणं

‘स्टार वॉर्स’मध्ये १९७७ साली क्लोन युद्धांचा नुसता उल्लेख झाला, त्यांची सुरुवात पडद्यावर दिसली २००२मध्ये. मधल्या २५ वर्षांत चाहत्यांनी रचलेले तर्क सुंदर होते, तरी ते तर्कच. छापील कथांनाही कायमची हमी नसते. एप्रिल २०१४मध्ये लुकासफिल्मने जुन्या कादंबऱ्या आणि कॉमिक्सचा मोठा साठा ‘लेजंड्स’ म्हणून कॅननबाहेर, म्हणजे अधिकृत कथेबाहेर, काढला. फॅन थिअरी जरूर मांडा, पण आधी ‘माझा अंदाज’ म्हणा.

वाद अडकलाच तर

प्रश्न फोडा. “युद्ध कोणी सुरू केलं?” यात निदान तीन प्रश्न असतात: पहिला हल्ला कोणाचा, कारण काय, आणि विजेत्यांनी नंतर काय सांगितलं. प्रत्येकाला वेगळा उतारा शोधा. उतारा सापडला नाही तर तो प्रश्न उघडा ठेवा. लेखकाने तो मुद्दाम तसा ठेवलेला असू शकतो. आणि कुठल्या सेनेचं शस्त्र जास्त ताकदवान, या फाट्यावर कोणी गेलं तर त्याला वेगळी चर्चा सुरू करून द्या. त्या उत्तरातून युद्ध का झालं हे कळत नाही.