दुष्काळावर नाटक करायचंय आणि लोकांनी त्यावर भांडावं असंही वाटतंय? मग हे वाचा

दुष्काळावरचं नाटक म्हटलं की बहुतेक ग्रुप तेच करतात, फाटके कपडे, हातात रिकामं ताट, मागे रडकी बासरी आणि शेवटी सगळे कलाकार रांगेत उभे राहून घोषणा देतात. लोक हळहळतात, टाळ्या वाजवतात, घरी जातात. चर्चा शून्य. रडून झालं की मन मोकळं होतं ना, मग विचारायचं ते राहूनच जातं.

म्हणून स्क्रिप्टला हात लावायच्या आधी धान्याचा रस्ता काढा. कुठून निघालं, कुठे साठलं, सही कोणाची, कुठल्या टप्प्यावर पोती कमी झाली, आणि भाव चढणार हे आधीपासून कोणाला माहीत होतं. 1943 चा बंगालचा दुष्काळ घ्या. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांचा मुद्दा असा की धान्यच नव्हतं म्हणून लाखो माणसं मेली असं नाही, तांदळाचे भाव इतके चढले की मजुरी करणाऱ्याला तो परवडेनासा झाला. त्यात जपानी सैन्य येईल या धास्तीने सरकारने किनाऱ्याकडच्या होड्या आधीच काढून घेतलेल्या, आणि दुष्काळात काय करायचं याचे नियम छापील तयार असताना सरकारने दुष्काळ अधिकृतपणे जाहीरच केला नाही. आता बघा, यात किती सीन पडलेत आणि एकातही रिकामं ताट लागत नाही. एक टेबल, दोन अधिकारी, समोर कोरा कागद. जाहीर केलं तर मदत द्यावी लागणार, नाही केलं तर माणसं मरणार, आणि दोघांनाही आपल्या नावाने सही नकोय. हा सीन चक्क विनोदी करता येतो, आणि करावा, कारण हसताना लोक सावध नसतात.

त्याच दुष्काळावर बिजन भट्टाचार्य यांचं 'नबान्न' हे नाटक 1944 मध्ये इप्टाने, म्हणजे इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनने, रंगमंचावर आणलं. त्यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे ते 'जनता' नावाच्या कोणाबद्दल नाही, एका शेतकरी कुटुंबाबद्दल आहे, जे गाव सोडून कलकत्त्याच्या रस्त्यावर येतं. तुम्हीही एकच घर पकडा. शेवट मात्र माझं ऐकाल तर गोड करू नका, आणि कडूही नको, अर्धवटच सोडा.

भ्रष्ट पुढाऱ्याचं पात्र लिहिताना तर हात फारच सैल सुटतो. गॉगल, पांढरे कपडे, राक्षसी हसू. असा माणूस बघून कोणालाच वाटत नाही की यात आपला काही संबंध आहे, उलट खुद्द पुढारीही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवेल. त्यापेक्षा चोरी पाचजणांत वाटून द्या. गोदामवाला म्हणतो वरून सांगितलं, कारकून म्हणतो मुलीचं लग्न आहे, ट्रकवाला म्हणतो मी फक्त गाडी चालवतो, नेता म्हणतो निवडणुकीचा खर्च कुठून काढू, आणि पत्रकार बातमी दाबतो कारण पेपरला जाहिरात मिळते. प्रत्येकाचं कारण पटण्यासारखं हवं. मग प्रेक्षकच आपसात भांडायला लागतात की जास्त दोषी कोण, आणि आपल्याला तेच तर हवंय.

एक सावधगिरी. भूक आणि मेजवानी शेजारी शेजारी दाखवली की राग लगेच येतो, हे तंत्र जबरदस्त आहे, पण राग म्हणजे चर्चा नव्हे. 1974 मध्ये इथिओपियात लष्कराने टीव्हीवर दुष्काळाची फिल्म सम्राट हैले सेलासीच्या मेजवान्यांची दृश्यं मध्ये घुसवून दाखवली आणि लगेच त्याला पदावरून काढलं. त्याच लष्करी राजवटीने दहा वर्षांनी, देशात पुन्हा भीषण दुष्काळ चालू असताना, आपल्या क्रांतीचा वर्धापनदिन थाटात साजरा केला. म्हणजे प्रश्न 'हा माणूस वाईट का' एवढाच ठेवला तर माणूस बदलतो, बाकी तसंच राहतं.

आता मुख्य काम, चर्चा. ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल यांची फोरम थिएटरची पद्धत इथे सगळ्यात उपयोगी. पंधरा-वीस मिनिटांचं नाटक करा, ज्यात ते कुटुंब हरतं. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करा आणि सांगा की कुठेही 'थांबा' म्हणा, वर या, त्या कुटुंबातल्या कोणाचीही जागा घ्या आणि वेगळं काहीतरी करून दाखवा. चोराची जागा कोणाला देऊ नका, नाहीतर कोणीतरी येऊन त्याला एकदम प्रामाणिक करून टाकतो आणि विषय संपतो. बाकी कलाकारांनी मात्र मनापासून विरोध करायचा, कारकुनाने फाईल पुढे ढकलायची, गोदामवाल्याने धमकी द्यायची. मध्ये एक सूत्रधार लागतो, बोआल त्याला जोकर म्हणायचे, त्याने स्वतःचं मत द्यायचं नाही, फक्त विचारायचं, 'हे खरंच जमेल का? आणखी कोणी?' पहिला माणूस वर यायला वेळ लागतो, ती शांतता सहन करा, भाषण सुरू करू नका. बोआल 1993 ते 1996 रिओ द जानेरोचे नगरसेवक होते आणि तेव्हा अशाच प्रयोगांतून आलेल्या सूचनांचे तेरा कायदे झाले, त्यामुळे कोणीतरी वर आलेल्या सूचना लिहून घेत बसलाच पाहिजे, आणि त्या कोणाकडे पाठवायच्या हेही आधीच ठरलेलं हवं.

खऱ्या घोटाळ्याबद्दल बोलायचं असेल तर कागद हातात असू द्या. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने 1994 पासून जनसुनवाया, म्हणजे गावकऱ्यांसमोर उघड सुनावण्या, घेतल्या, त्यात सरकारी कामांच्या हजेरीपटावरची नावं मोठ्याने वाचून दाखवायचे आणि समोर बसलेली माणसं सांगायची की मी तर या कामावर गेलोच नव्हतो. याहून नाट्यमय संवाद कोणी लिहून दाखवावा. कागद नसेल तर पात्रांना काल्पनिक नावं द्या, बदनामीच्या केसमध्ये अख्खा ग्रुप अडकतो.

आणि धोका खरा असतो हे ग्रुपमध्ये उघड बोला. केनियात लेखक न्गुगी वा थिओंगो यांना गावकऱ्यांबरोबर केलेल्या नाटकानंतर 1977 च्या शेवटी खटल्याशिवाय तुरुंगात टाकलं. आपल्याकडे पथनाट्यं करणारे सफदर हाश्मी यांच्यावर 1989 च्या 1 जानेवारीला पथनाट्य चालू असताना हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले. तेव्हा परवानगीचं बघा, एखादा ओळखीचा वकील फोनवर तयार ठेवा, एकट्याने घरी जाऊ नका. चर्चेचं शूटिंग करणार असाल तर सुरुवातीलाच सांगा, आणि जो माणूस उभा राहून कोणाचं नाव घेऊन तक्रार करतो त्याचा चेहरा त्याला विचारल्याशिवाय अपलोड करू नका, तुम्ही सामान गुंडाळून निघून जाल पण त्याला तिथेच राहायचंय.