जुनी पिकअप उचलताय? आधी या चुका टाळा

पाऊस उघडला की आमच्या घोडबंदर रोडच्या मंडळींना एकच खूळ चढतं: जुनी पिकअप उचलायची, म्हणजे तिची उंची वाढवून घ्यायची. कोणाची कॅम्पर, कोणाची गेटअवे, कोणाची सेकंडहँड व्ही-क्रॉस. बजेट विचारलं की उत्तर ठरलेलं, "स्वस्तात बसव ना काहीतरी." त्या 'काहीतरी'चे प्रताप बघून आता कंटाळा आलाय.

पहिली चूक, आणि दहातले आठ जण हीच करतात: बसलेले पाटे (गाडीचं वजन पेलणाऱ्या कमानदार पोलादी पट्ट्या) न तपासता थेट उंची वाढवायचं लिफ्ट किट मागवायचं. बारा-पंधरा वर्षं माल ओढलेल्या गाडीच्या पाट्यांची कमान उरलेलीच नसते. अशा पाट्यांखाली दोन इंचाचे ब्लॉक, म्हणजे ठोकळे, घातले, तर गाडी जेमतेम कंपनीतून निघाली होती त्या उंचीवर येते. मालक फोटो काढून खूश! पाटे मात्र होते तसेच मेलेले.

मी काहीही विकत घेण्याआधी टेप काढतो. सपाट जागा, रिकामा हौदा, टायरमध्ये हवा सारखी. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत माप, चारही चाकांचं, आणि ते वहीत लिहायचं. माझ्या गाडीची मागची उजवी बाजू डावीपेक्षा पाऊण इंच खाली निघाली. मग नवे पाटे, नवे बुश, नवे शॉकअप एवढंच केलं, आणि दीड इंच उंची परत आली. लिफ्ट किट लागलंच नाही. जुन्या पाट्यांना ठोकून कमान देणारे कळंबोलीत मिळतात, स्वस्तही पडतं, पण नुसतं थंड ठोकून दिलेली कमान मी पुन्हा बसताना पाहिली आहे. जादा पाटा घातला तर उंची टिकते, पण रिकामी गाडी खड्ड्यात बेडकासारखी उडते. रोज माल असेल तरच घाला.

दुसरी चूक, उंची वाढवून ब्रेककडे न बघणं, मी स्वतः केलेली आहे, म्हणून जरा सविस्तर.

आधीच्या डबल कॅबला मी मागे दोन इंचाचे ब्लॉक आणि पाटे अॅक्सलला (चाकांच्या दांड्याला) आवळून धरणारे लांब यू बोल्ट बसवून घेतले होते. दोन तासांत काम झालं, गाडी रुबाबदार दिसायला लागली. पुढच्या आठवड्यात ओतूरहून कांदा भरून माळशेज उतरत होतो. तिसऱ्या-चौथ्या वळणापासून ब्रेक दाबला की नाक खाली, आणि पुढच्या चाकांतून जळका वास. टोकावड्याला थांबलो तर पुढच्या रिमला हात लावता येईना. मागचा ब्रेकचा ड्रम कोमट! ठाण्यात येऊन दोन गॅरेजवाल्यांनी पुढचे पॅड बदलले, ऑइल बदललं, पैसे घेतले. फरक शून्य.

शेवटी कळंबोलीतला एक म्हातारा मिस्त्री गाडीखाली शिरला आणि दोन मिनिटांत बाहेर आला. म्हणाला, "दादा, ही दांडी बघितली का कोणी?" चेसिसवर एक व्हॉल्व्ह असतो, लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. त्याची दांडी मागच्या अॅक्सलला जोडलेली. माल भरला की चेसिस खाली येतं, दांडी सरकते आणि मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर मिळतं. मी ब्लॉक घालून चेसिस दोन इंच वर नेलं, त्यामुळे भरलेली गाडीही त्या व्हॉल्व्हला रिकामीच वाटत होती. त्याने दांडीचं ब्रॅकेट ब्लॉकच्या मापाइतकं सरकवलं आणि दोन्ही बाजूंचा ब्रेक तपासून दिला. दोन तासांत लिफ्ट लावून देणाऱ्याकडे हे करायला वेळ नसतो. मागचा ब्रेकचा लवचिक पाइपही बघा. जॅकवर चेसिस उचलून चाकं लोंबकळू दिली की तो ताणलेला दिसता कामा नये.

बाकीच्या चुका थोडक्यात. ब्लॉकवर ब्लॉक रचू नका आणि पुढच्या पाट्यांना ब्लॉक मुळीच नको. शॅकल म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणारी पट्टी; दोन इंच लांब शॅकल म्हणजे दोन इंच उंची नव्हे, साधारण एकच मिळते. पुढे पाट्यांऐवजी टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई) असेल तर बोल्ट आवळून 'फुकटात' उंची घेणारे महाभाग भेटतील. चाकाला खाली जायला जागाच उरत नाही आणि चाकाला धरून ठेवणारे बॉल जॉइंट लवकर जातात. जुने यू बोल्ट परत वापरू नका. नवेही शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, मी तर पाचशेलाही बघतो. अलाइनमेंट आणि हेडलाइटचा फोकस त्याच दिवशी, नाहीतर शिळफाट्याला समोरचा शिव्या देणारच.

आणि लिफ्टने डिफरन्शियल, म्हणजे अॅक्सलच्या मधला गिअरचा गोळा, एक सूतही वर येत नाही. ते फक्त मोठ्या टायरने वर येतं.

कागदांचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये तेच सांगितलं. पंधरा वर्षांनी नोंदणी नव्याने करायला जाल तेव्हा गाडी तपासणीला उभी करावीच लागते, एमएच 04 असो की एमएच 43. मूळ उंची परत आणणं मला परवडतं त्याचं हेही एक कारण.

दुसरं कारण आमच्या सोसायटीचं स्टॅक पार्किंग, एकावर एक गाड्या लावायचं. शेजारच्याने हौसेने तीन इंच उचलली, आणि आता त्याची गाडी रात्री बाहेर सर्व्हिस रोडला उभी असते.