बाटलीत बुडबुडा नको
मुळा-मुठेसारख्या सांडपाणी मिसळणाऱ्या नदीत विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा, तर नमुना पहाटे घ्या. रात्रभर शेवाळ आणि जिवाणू तो वापरत राहतात, म्हणून तेव्हाच तो सर्वांत कमी असतो. दुपारचा आकडा फसवा. ३०० मिलीची बीओडी बाटली (पाण्यातला ऑक्सिजन तपासायची बुचाची काचेची बाटली) पाण्याखाली तिरपी धरून सावकाश भरा, बूच पाण्यातच लावा. मुगाएवढा बुडबुडा राहिला तरी ओतून पुन्हा भरा, त्यातली हवा विरघळून आकडा वाढतो. नदीकाठावरच बूच काढून २ मिली मँगनीज सल्फेट, मग २ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड ही रसायनांची द्रावणे पिपेटचे (मापाच्या काचनळीचे) टोक बुडवून सोडा, पुन्हा बूच लावा आणि बाटली उलटसुलट करा. साका तपकिरी झाला, तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला, तर त्या पाण्यात मासा जगणार नाही. हातमोजे हवेतच.