सर्व्हरवरून जाणारा मेल मध्यवर्ती रिलेकडे कसा वळवावा

क्रॉनचा (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांचा) निकाल, डिस्क भरत आल्याची सूचना, पासवर्ड बदलण्याची लिंक: जवळजवळ प्रत्येक सर्व्हरला कधी ना कधी मेल पाठवावा लागतोच. पण प्रत्येक मशीनला थेट बाहेर मेल पाठवू देणे चुकीचे आहे. ॲमेझॉन ईसी२ आणि गूगल क्लाउडवर बाहेर जाणारा पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात तो मार्ग) मुळातच अडवलेला असतो. तो उघडा असला तरी दर मशीनमागे रिव्हर्स डीएनएस, एसपीएफ आणि डीकेआयएम, म्हणजे पाठवणारा खरा असल्याचे पटवणाऱ्या नोंदी आणि सह्या, सांभाळत बसावे लागते. त्यापेक्षा एक रिले, म्हणजे सगळ्यांचा मेल पुढे पोचवणारा सर्व्हर, नीट राखा आणि बाकीच्या मशीनना फक्त त्याचा पत्ता द्या.

इथली मांडणी डेबियन किंवा उबुंटूवरच्या पोस्टफिक्स या मेल सर्व्हर प्रोग्रॅमची आहे. सेटिंगांची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीत टाइप करा आणि दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर द्या.

पोस्टफिक्ससोबत लिबएसएएसएल२-मॉड्यूल्स हे रिलेवर लॉगिन करायला लागणारे पॅकेजही टाका. ते राहून गेले तर पासवर्ड बरोबर असूनही लॉगमध्ये ‘नो मेकॅनिझम अव्हेलेबल’ असे येते आणि माणूस उगाच पासवर्ड तपासत राहतो. रेड हॅटच्या घराण्यात याच कामाचे पॅकेज सायरस-एसएएसएल-प्लेन आहे. इन्स्टॉल करताना विचारल्यावर ‘सॅटेलाइट सिस्टिम’ (सगळा मेल रिलेकडे देणारी मांडणी) निवडा.

आता पोस्टफिक्सची सेटिंग फाइल मेन.सीएफ उघडा. ‘रिलेहोस्ट’मध्ये रिलेचे नाव चौकटी कंसात आणि पुढे पोर्ट लिहा: [रिले.आपले-डोमेन]:५८७. कंस नसेल तर पोस्टफिक्स त्या नावाचा एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचा मेल कोणता सर्व्हर घेतो याची डीएनएसमधली नोंद) शोधतो आणि मेल भलत्याच सर्व्हरकडे जाऊ शकतो. ‘इनेट इंटरफेसेस’ लूपबॅक-ओन्ली (फक्त याच मशीनपुरते) करा, म्हणजे बाहेरून कोणी या मशीनला मेल देऊ शकणार नाही.

यानंतर ‘मायडेस्टिनेशन’, म्हणजे ज्या डोमेनचा मेल याच मशीनवर वाटायचा त्यांची यादी. समान चिन्हाच्या पुढे काहीही न लिहिता ते रिकामे सोडा. सॅटेलाइट निवडले असले तरी ही ओळ डोळ्यांनी पाहाच, कारण सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. इथे कंपनीचे डोमेन राहिले, तर सहकाऱ्यांना पाठवलेला मेल पोस्टफिक्स त्याच मशीनवर वाटायला जातो आणि ‘अननोन यूजर’ म्हणून परत फेकतो. बाहेरच्या पत्त्यांना मात्र मेल व्यवस्थित पोचत असतो, त्यामुळे दोष रिलेचा वाटतो.

लॉगिनसाठी ‘एसएमटीपी एसएएसएल ऑथ एनेबल’ येस करा. ‘एसएमटीपी एसएएसएल सिक्युरिटी ऑप्शन्स’ची किंमत फक्त नोॲनॉनिमस ठेवा. मूळ किमतीत नोप्लेनटेक्स्टही (साधा पासवर्ड पाठवायला मनाई) असते, आणि रिले जर फक्त प्लेन किंवा लॉगिन पद्धतच देत असेल तर ते आड येते. ‘एसएमटीपी एसएएसएल पासवर्ड मॅप्स’मध्ये पासवर्डच्या फाइलचा पत्ता द्या. त्या फाइलमध्ये एकच ओळ: आधी रिलेचे नाव, मग जागा सोडून वापरकर्ता:पासवर्ड. नाव रिलेहोस्टमध्ये लिहिले तसेच्या तसे हवे, कंस आणि पोर्टसकट. एखादा कंस सुटला तरी पासवर्ड सापडत नाही. फाइलवर पोस्टमॅप ही आज्ञा चालवा, ती पोस्टफिक्सला शोधता येईल अशी नवी फाइल बनवते; मग मूळ फाइल आणि तयार झालेली फाइल, दोन्हींची परवानगी ६०० (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) करा.

‘एसएमटीपी टीएलएस सिक्युरिटी लेव्हल’ची किंमत ‘मे’ असेल तर एनक्रिप्शन जमले नाही तरी मेल उघडाच निघतो. ‘एनक्रिप्ट’ या किमतीने जोडणी झाकली जाते, पण समोर आपलाच रिले आहे का, हे तपासले जात नाही. पासवर्ड जात असेल तिथे ‘सिक्युअर’ लावा आणि ‘एसएमटीपी टीएलएस सीएफाइल’मध्ये सिस्टिमच्या सर्टिफिकेट फाइलचा पत्ता द्या. रिले पोर्ट ४६५ वर असेल तर ‘एसएमटीपी टीएलएस रॅपरमोड’ही येस हवा, नाहीतर दोन्ही बाजू एकमेकांची वाट पाहत थांबतात.

आता पत्ते. मशीनवरचा मेल रूट@वेब०१.लोकलडोमेन असल्या नावाने निघाला तर शिस्तीचा रिले ‘डोमेन नॉट फाउंड’ म्हणून नाकारतो. ‘एसएमटीपी जेनेरिक मॅप्स’ने त्याच्या जागी खरा पत्ता घाला. प्रत्येक मशीनला वेगळा पत्ता द्या, म्हणजे तक्रार आली की मेल कुठून निघाला ते लगेच कळते. मात्र हा नकाशा पाठवणाऱ्याबरोबर घेणाऱ्याचाही पत्ता बदलतो. म्हणून रूटला (मशीनच्या मुख्य खात्याला) येणारा मेल प्रशासकाकडे वळवायचे काम ‘व्हर्च्युअल एलियस मॅप्स’कडे द्या. ईटीसीमधली एलियसेस फाइल इथे उपयोगाची नाही: ती स्थानिक वाटपाच्या वेळीच वाचली जाते, आणि ते वाटप आपण बंद केले आहे. दोन्ही नकाशांवर पोस्टमॅप चालवायला विसरू नका.

रिलेच्या बाजूला ‘मायनेटवर्क्स’मध्ये, म्हणजे ज्यांचा मेल रिलेने पुढे न्यायचा त्या यादीत, या मशीनचे नेमके तेवढेच आयपी लिहा. सोय म्हणून अख्खे नेटवर्क उघडले तर आतले एक बाधित मशीनही सगळ्यांचा मेल काळ्या यादीत नेऊ शकते. एसपीएफमध्ये रिलेचा बाहेरचा आयपी हवा, आणि डीकेआयएमची सही रिलेवरच करा.

पोस्टफिक्स रीस्टार्ट करून एक मेल बाहेरच्या आणि एक स्वतःच्या डोमेनच्या पत्त्यावर पाठवा. लॉगमध्ये ‘स्टेटस=सेंट’ दिसले म्हणजे रिलेने मेल स्वीकारला, एवढेच. त्याच ओळीत ‘क्यूड ॲज’पुढे येणारा क्रमांक रिलेच्या लॉगमध्ये शोधा, मेलचे पुढे काय झाले ते तिथेच दिसेल. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ आले तर फायरवॉल पाहा. ‘रिले ॲक्सेस डिनाइड’ आले तर रिलेने तुमचे लॉगिनही ओळखलेले नाही आणि आयपीही.

रिले बंद पडला तर मेल मशीनवरच रांगेत थांबतो आणि मूळ सेटिंगनुसार ५ दिवसांनी पाठवणाऱ्याकडे परत येतो. रांग पोस्टक्यू -पी ने पाहा, दुरुस्ती झाल्यावर पोस्टक्यू -एफ ने हलवा. रांगेच्या लांबीवर देखरेख लावा, पण तिचा इशारा मेलने पाठवू नका, कारण तो त्याच रांगेत अडकेल.