नवतप्यातलं फ्रूट सॅलड, केळी सगळ्यात शेवटी

मे संपत आला की आमच्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४४-४५ वर जाऊन बसतो, नवतपा (म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू झालेला असतो, आणि दुपारी गरम पोळी-भाजी समोर आली तरी लेकरं ताटाकडे बघत पण नाहीत. अशा वेळी मी मोठं पातेलंभर फ्रूट सॅलड करते. पण कस्टर्डवालं नाही हं. आपल्याकडे फ्रूट सॅलड म्हटलं की दूध आणि कस्टर्ड पावडर हेच डोक्यात येतं, लग्नाच्या पंगतीत ते छान लागतं पण या उन्हात दूध कधी नासेल सांगता येत नाही, आणि त्यात पपई गेली तर विचारूच नका. एकदा पाहुणे येणार म्हणून मी सकाळीच कस्टर्डमध्ये पपई आणि खरबूज घालून ठेवलं, दुपारी वाटीत वाढलं तर कडू! नंतर कारण कळलं, पपईत पपेन नावाचं एन्झाइम असतं ते दुधातलं प्रोटीन तोडतं म्हणून कडवट चव येते, खरबुजाचंही तसंच आहे. तेव्हापासून या दोन फळांना मी दूध लावत नाही, फक्त लिंबू.

सहा-सात जणांसाठी मी एवढं घेते: साधारण किलोभराचं एक खरबूज, टरबुजाच्या दोन-तीन वाट्या फोडी (पुण्याकडे याला कलिंगड म्हणतात), एक मोठा किंवा दोन मध्यम केसर आंबे, पिकलेल्या पपईची एक वाटी, चार केळी, आणि बाजारात पहिली जांभळं आली असतील तर मूठभर. शहाद्याकडची पपई मे अखेर कमी होत जाते, चांगली मिळाली तर घ्यायची, नाही मिळाली तर सोडून द्यायची. द्राक्षांच्या मागे लागू नका, सीझन संपलाय त्यांचा. सफरचंदही मी घालत नाही, ते कोल्ड स्टोरेजचं असतं आणि आत्ताच्या फळांपुढे त्याची चवच लागत नाही.

फळं निवडताना घाई नको. खरबूज देठाच्या बाजूने नाकाला लावायचं, गोड वास आला तर घ्यायचं. टरबूज जमिनीला टेकलेल्या बाजूने पिवळं असेल तर वेलावर पिकलेलं असतं, तिथे पांढरं असेल तर कच्चं निघण्याची भीती. आंबे घरी आणले की तासभर बादलीत पाण्यात बुडवून ठेवायचे, देठाचा चीक धुतला जातो आणि फळही थंड होतं.

आता केळीचं. आपल्या जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, रावेर-यावल-चोपड्याची केळी दिल्लीपर्यंत जाते, आणि आपणच घरात तिला काळी करून खातो याचं मला खरंच वाईट वाटतं. सॅलडसाठी पूर्ण पिवळं पण हाताला घट्ट लागणारं केळ घ्या, काळे ठिपके आलेलं शिकरणाला ठेवा, सॅलडमध्ये त्याचा लगदा होतो. केळी फ्रिजमध्ये ठेवायची नाही, थंडीने साल काळी पडते. आणि आंब्यांच्या शेजारी पण नको, दोन्ही फळं पिकताना इथिलीन वायू सोडतात त्यामुळे एकमेकांना भराभर पिकवतात. कापायची तर अगदी शेवटी, वाढायच्या दहा मिनिटं आधी, आणि कापल्या कापल्या वरून लिंबू पिळायचं. हवा लागली की केळं काळं पडतं, लिंबाच्या आंबटपणाने ते थांबत नाही पण बराच वेळ लांबतं.

कापायच्या आधी सगळी फळं सालीसकट धुवा, खरबूज तर घासूनच, त्याच्या जाळीदार सालीत माती अडकलेली असते आणि सुरी फिरली की ती आत जाते. सुरी आणि पाट कांद्याचे नकोत, कितीही धुतलं तरी वास राहतो. आधी खरबूज-पपई, मग आंबा, मग टरबूज, फोडी साधारण एकसारख्या, घासात सगळं यावं एवढ्या. जांभळाची बी काढून गर घाला पण वाढताना, नाहीतर सगळं पातेलं जांभळं होतं.

मसाला: एका लिंबाचा रस, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, पाव चमचा काळं मीठ, आठ-दहा पुदिन्याची पानं हाताने तोडून. आंबा आंबट निघाला तरच दोन चमचे साखर. मीठ-साखर आधी घालून ठेवलं तर फळं पाणी सोडतात आणि फोडी मऊ पडतात, म्हणून तेही शेवटी. आमच्या घरी प्रत्येकाच्या वाटीवर चिमूटभर लाल तिखट असतंच, नंदुरबारची मिरची असेल तर फार छान लागतं, पण लहान लेकरांची वाटी आधी बाजूला काढून ठेवा.

लाइट गेली असेल आणि फ्रिज बंद असेल तर मी कापलेल्या फळांचं पातेलं झाकून त्याला ओलं फडकं गुंडाळते आणि माठाशेजारी, वारा येईल तिथे ठेवते, कपड्यातलं पाणी उडतं तसं पातेलं गार होतं. आपली हवा इतकी कोरडी आहे की हे लगेच जाणवतं. पण एवढ्या उन्हात बाहेर ठेवलेलं सॅलड तासाभरात संपवायचंच. सासूबाई वाट्या भरल्या की आवाज देतात, "बठ्ठं खाई ल्या" (अहिराणीत, सगळं खाऊन घ्या), आणि तेच बरोबर आहे, संध्याकाळसाठी ठेवायचं नाही. तळाशी जो रस उरतो त्यात माठाचं पाणी आणि थोडं लिंबू घालून लगेच पिऊन टाका, फळांपेक्षा तोच आधी संपतो.