केमिकल सांडलं की होणाऱ्या त्याच त्या चुका, या टाळा

वाळूज घ्या, चिकलठाणा, शेंद्रा, जालना, तिकडं लातूर-नांदेड, कुठल्याही एमआयडीसीत जा, केमिकल सांडलं की पहिल्या दहा मिनिटांत लोक जे करतात ते अगदी सेम असतं. आणि माझं स्पष्ट मत आहे की सांडण्यानं जेवढं बिघडतं त्यापेक्षा जास्त "आवरा रे लवकर, साहेब यायच्या आत पुसून घ्या" या घाईनं बिघडतं. सेफ्टीत इतकी वर्षं काढल्यावर हे मत काही आता बदलायचं नाही. खालच्या चुका पुस्तकातल्या क्रमानं नाहीत, ज्याचा राग जास्त ती आधी.

ओलं दिसलं की टाक भुसा

भुसा वाईट नाही. ऑइल सांडलं, टाका खुशाल. पण मशीन शॉपमध्ये रोज ऑइलवर भुसा मारणाऱ्या माणसाच्या हाताला सवय लागलेली असते, समोर नायट्रिक ॲसिड असलं तरी हात त्याच पोत्याकडं जातो. नायट्रिक नुसतं ॲसिड नाही, ऑक्सिडायझर आहे. लाकूड, कापूस, पुठ्ठा, चिंध्या असलं काही त्याला मिळालं की ते तापतं, लालसर तपकिरी धूर सोडतं आणि कधी लगेच, कधी काही तासांनी पेटतं.

एका युनिटमधली गोष्ट सांगतो, नाव नाही सांगत. स्टीलचं पिकलिंग करायचे, म्हणजे गंज काढायला ॲसिडमध्ये बुडवायचे. दुपारी शिफ्ट सुटायच्या जरा आधी गाडीतून माल उतरवताना फोर्कलिफ्टचा काटा नायट्रिकच्या ३५ लिटरच्या कॅनमध्ये घुसला, अर्ध्याच्या वर कॅन जमिनीवर. फोरमन काका जुने, मनानं चांगले, पण सगळी हयात लेथवर गेलेली, त्यांनी ओरडून भुसा मागवला. दोन पोती रिकामी केली. मिनिटभरात तपकिरी धूर सुरू झाला तर काका म्हणतात, "अजून टाका, अजून टाका, दबल तो." मी पोचेपर्यंत एका हेल्परनं तोंडाला रुमाल बांधून फावड्यानं सगळा लगदा गोणीत भरलावता आणि ती गोणी शेडच्या मागं कुठं ठेवली तर पॅकिंगच्या खोक्यांच्या थप्पीला टेकवून! मी पोराला म्हणलं दवाखान्यात चल. तो म्हणला, "काही नाही भाऊ, जरा घसा खवखवतोय, चहा घेतो, बरं वाटल." सुपरवायझरची पण तीच टेप, उगंच कशाला रिपोर्ट. पोरगं चहा पिऊन गाडीवर गावाकडं गेलं.

रात्री दोन गोष्टी झाल्या. थप्पी पेटली, वॉचमन जागा होता म्हणून शेड वाचलं. आणि पोराला झोपेत धाप लागली, तोंडातून फेस, घरच्यांनी जीपमध्ये घालून आणलं, ऑक्सिजन लावावा लागला. वाचला तो, पण पुढं कितीतरी दिवस जिना चढताना मधे बसायचा. तपकिरी धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड, तो पाण्यात फारसा विरघळत नाही म्हणून नाकाघशात अडत नाही, सरळ फुप्फुसात खाली उतरतो, आणि फुप्फुसात पाणी भरायला कित्येक तास लागतात, कधी दिवसभर. म्हणून संध्याकाळी माणूस ठणठणीत दिसतो. हा धूर ज्याच्या नाकात गेला त्याला बरं वाटत असलं तरी डॉक्टरच्या नजरेखाली निदान एक दिवस ठेवायचं, यावर मी कुणाशी वाद घालत नाही, गाडीत बसवतो.

माझी सवय अशी की ॲसिडच्या स्टोअरच्या आसपास भुसा दिसूच द्यायचा नाही. तिथं कोरडी वाळू नाहीतर चाळलेला कोरडा मुरूम, आणि बाजूला सोडा ॲश, म्हणजे धुण्याचा सोडा, सगळं झाकणाच्या ड्रममध्ये. आधी वाळूचा बांध घालून पसरणं थांबवायचं, मग सोडा ॲश कडेकडेनं आत, थोडं थोडं, फेस बसू द्यायचा, मग पुढचं. शेवटी पीएच पट्टी, ॲसिड मेलंय का ते बघायला. अन् हे सगळं फार तर कॅनभर सांडलं असेल, अंगात ॲसिडचा सूट-ग्लोव्हज असतील आणि धूर नसेल तरच. धूर दिसला की बाहेर. काही हुशार लोक ॲसिड मारायला कॉस्टिक सोड्याचे फ्लेक्स टाकतात, ते उकळून तोंडावर उडतं. कळीच्या चुन्याचं पण तेच, विझवलेला चुना चालतो. पिकलिंगमध्ये हायड्रोफ्लोरिक असेल तर वाळूसुद्धा नको, ते वाळूतल्या सिलिकाला खातं आणि वेगळाच विषारी गॅस निघतो. तिथं विझवलेला चुना, आणि फर्स्ट एड पेटीत कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल असलंच पाहिजे. जेल नसेल तर त्या टाकीजवळ माणूस उभा करू नका, एवढं सरळ आहे.

सेफ्टी शॉवर आहे, पाणी नाही

ही आपली खास मराठवाड्याची चूक. शॉवर बसवलेला असतो, हिरवा बोर्ड असतो, ऑडिटला फोटो काढलेला असतो. मार्च लागला की टँकर चालू, आणि मेंटेनन्सवाला पाणी वाचवायला शॉवरचा व्हॉल्व्हच बंद करून टाकतो. नाहीतर वर ५०० लिटरची काळी टाकी. शॉवर मिनिटाला साधारण ७५ लिटर सोडतो आणि ॲसिड अंगावर पडलं तर कमीत कमी १५ मिनिटं धुवायचंय, म्हणजे ११०० लिटरच्या वर पाणी पाहिजे. तुमची टाकी सात मिनिटांत कोरडी, आणि मे महिन्यात दुपारी दोनला त्या काळ्या टाकीतलं पाणी इतकं तापलेलं असतं की भाजलेला माणूस खाली थांबतच नाही, उडी मारून बाहेर येतो. मी स्वतः हात घालून बघितलंय, चहा टाकावा असं पाणी.

टाकी मोठी, पांढरी, पत्र्याखाली सावलीत. व्हॉल्व्हचं हँडल उघड्या पोझिशनला ठेवून काढूनच घ्यायचं, कोणी बंद करायचा प्रश्न नाही. दर सोमवारी शिफ्टच्या सुरुवातीला मी साखळी ओढतो, खाली बादली. पाणी वाया जातं म्हणून ओरडणारे भेटतात, तीच बादली झाडाला घाला ना.

दुसरं, कपडे. कपडे न काढता शॉवरखाली उभं राहिलं की ॲसिड कापडातून अंगाला लागूनच राहतं. लोक लाजतात, बायका तर जास्तच लाजतात आणि ते साहजिक आहे, म्हणून शॉवरला पडदा लावा आणि दोन-तीन गाऊन टांगून ठेवा. एवढ्या साध्या गोष्टीला खर्च नाही, पण शंभरातल्या नव्याण्णव ठिकाणी पडदा नसतो. अंगावर चुना, सोडा, टूथपेस्ट, हळद काहीही लावायचं नाही. फिनॉल असेल तर अजून फसवं, ते कातडी बधिर करतं, दुखत नाही म्हणून माणूस धुवायचं थांबवतो आणि विष कातडीतून आत जात राहतं.

हवा न बघता पळणं

वास आला की लोक गेटकडं पळतात, कारण गेट माहितीये. गेट वाऱ्याच्या खालच्या बाजूला असेल तर तुम्ही गॅसबरोबरच पळताय. कंपनीत विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, असतो, पण फाटलेला किंवा शेडमागं लपलेला. मी नवीन जागी गेलो की आधी जवळच्या देवळाची पताका कुठून दिसते ते हेरून ठेवतो. ते पण नसेल तर चिमूटभर माती वर उडवा. वारा ज्या बाजूनं येतोय तिकडं जायचं, मधे गॅस असेल तर आडवं निघून मग वाऱ्याच्या वरच्या बाजूला. रात्री वारा पडलेला असला की जड गॅस नाल्यात, खड्ड्यात, बेसमेंटमध्ये बसतो. क्लोरीन हवेच्या जवळपास अडीचपट जड आहे. अमोनिया तसा हलका, पण बर्फाच्या कारखान्यात पाइप फुटला की थंडगार पांढरा ढग जमिनीलगतच सरकतो, "हलका आहे, वर जाईल" म्हणत थांबू नका.

पाणी मारा म्हणजे झालं

अमोनियाच्या ढगावर लांबून बारीक फवारा मारला तर फायदा होतो, तो पाण्यात भराभर विरघळतो. पण खाली साचलेल्या द्रव अमोनियात पाणी ओतलं तर तो जास्त उकळतो. क्लोरीनच्या टोनरवर, म्हणजे वॉटरवर्क्सला असतो तो ९०० किलोवाला, गळतीच्या जागी पाणी मारलं तर तिथं ॲसिड तयार होऊन भोक मोठं होतं. शिकलेल्या माणसानं मास्क-सिलिंडर घालून टोनर असा फिरवायचा की गळती वरच्या बाजूला येईल, म्हणजे द्रव न येता गॅस येतो. द्रव आला की त्याचा साडेचारशे पटीच्या वर गॅस होतो. अमोनियात भिजवलेल्या बोळ्यानं गळती शोधणं, गळती बंद करायचं किट लावणं हे ट्रेनिंग झालेल्याचं काम. यूट्यूब बघून आलेल्या पोरांनी लांब राहावं.

काँक्रीटवर सांडलेलं पाइप लावून गटारीत ढकलणं ही तर साफसफाई नाहीच. आपल्या छत्रपती संभाजीनगरची खाम नदी शेवटी गोदावरीला जाते आणि पिण्याचं पाणी आपण नाथसागरातून, म्हणजे जायकवाडी धरणातून उचलतो, बाकी तुमचं तुम्ही समजा. शेतात सांडलं तर लोक म्हणतात काळी माती ॲसिड मारते. मारते थोडंफार, चुनखडी असते तिच्यात, म्हणून फेस येतो. पण उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा असतात, टँकरभर ॲसिड फेस यायच्या आत खाली जातं, मग विहिरीकडं बघत बसा.

पडलेल्याला उचलायला उडी

ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटच्या टाकीत, गटारीच्या चेंबरमध्ये एक पडला की दुसरा धावतो, मग तिसरा. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यासारखा वास जास्त प्रमाणात येईनासाच होतो, नाकच मरतं. हवेचं सिलिंडर पाठीवर, कमरेला दोर, वर दोन माणसं, यातलं एक जरी कमी असेल तर वरूनच दोर किंवा ब्लोअर, उतरायचं नाही. रुमाल, कोविडचा मास्क, धुळीचा मास्क गॅसला शून्य उपयोगाचे. आणि दाढीवर तो सिलिंडरचा मास्क बसत नाही. यावरून पोरं माझ्यावर चिडतात, चिडू द्या.

टँकर उलटला की बादल्या घेऊन पळणं

सोलापूर-धुळे हायवेवर हे किती वेळा बघायचं राव. टँकर आडवा झाला की दुचाकीवरून कॅन निघतात, सगळ्यांना वाटतं डिझेल नाहीतर तेल. टँकरवर नारिंगी-पांढरा बोर्ड असतो, त्यावर चार आकडी यूएन नंबर: १०१७ क्लोरीन, १००५ अमोनिया, १८३० सल्फ्युरिक, १७८९ हायड्रोक्लोरिक, २०३१ नायट्रिक. बाजूला हॅझकेम कोड, म्हणजे अशा वेळी काय करायचं ते सांगणारा कोड असतो, त्यातला पहिला आकडा ४ असेल तर पाणी नको, शेवटी ई असेल तर वस्ती हलवायचा विचार करा. ड्रायव्हरकडं ट्रेमकार्ड, म्हणजे मालाची आणि धोक्याची माहिती लिहिलेलं कार्ड असतं, पण ते बघायला केबिनमध्ये चढू नका. ड्रायव्हर बाहेर असेल तर विचारा, "काका, काय भरलंय?", बऱ्याचदा तोच सगळ्यात नीट सांगतो.

मग ११२ ला फोन. "लवकर या, लई गॅस सुटलाय" एवढं बोलून फोन कट करू नका. किलोमीटरचा दगड किंवा फाट्याचं नाव, बोर्डावरचा नंबर, गळतंय का नुसतं आडवं पडलंय, आग आहे का, वारा कोणत्या गावाकडं, किती लोक अडकलेत, आणि गाडीनं कोणत्या बाजूनं यायचं. बोर्ड लांबून वाचता येत नसेल तर वाऱ्याच्या वरच्या बाजूनं मोबाइलचा झूम लावून फोटो काढा, आणि नाहीच आला वाचता तर तसं सांगा, बोर्डाजवळ जाऊ नका.